फसवी हाक आणि सावध कान

भाषांतराच्या तासाला एकदा आमच्यापुढे एक प्रश्न आला. वरकरणी तो अगदी साधा होता. अमेरिकेच्या पश्चिम भागातील जीवनावरच्या एका उताऱ्यात 'कायोटी' हा शब्द होता. वर्गातील बहुतेकांनी 'कोल्हा' लिहिले, काहींनी 'लांडगा', तर एका विद्यार्थ्याने 'रानकुत्रा' लिहून बाजूला प्रश्नचिन्ह काढले. तिन्ही उत्तरे चुकीची होती आणि तिन्हींत थोडे थोडे तथ्यही होते. हा प्राणी कुत्रा, लांडगा आणि आपल्याकडचा सोनेरी कोल्हा यांच्याच कुळातला. आकाराने लांडग्याहून लहान, कोल्ह्याहून काहीसा मोठा. आम्ही मूळ शब्दच ठेवावा असे सांगून तास संपवला. पण प्रश्न संपला नाही. एखाद्या प्राण्याला आपण कोणत्या नावाने ओळखतो, यावर त्याच्याशी आपण कसे वागणार हे ठरत असते काय? कायोटीच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासात या प्रश्नाचे काही उत्तर सापडते. तो इतिहास बराचसा आवाजाचा इतिहास आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे आम्हांस वाटते.

'कायोटी' हा शब्द मुळात मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला. 'कोयोत्ल'चे स्पॅनिशमध्ये 'कोयोते' झाले आणि तेथून तो इंग्रजीत आला. नाहुआत्ल भाषकांच्या जगात या प्राण्याला मान होता. पंधराव्या शतकातील तेश्कोकोचा राजा नेसाहुआलकोयोत्ल हा कवी म्हणून आजही मेक्सिकोत आदराने स्मरला जातो. त्याच्या नावाचा अर्थ 'उपाशी कायोटी' किंवा 'उपवास करणारा कायोटी' असा लावतात. नृत्य-संगीताच्या एका देवतेचे नाव हुएहुएकोयोत्ल, म्हणजे 'म्हातारा कायोटी'. मेक्सिको शहराच्या कोयोआकान या भागाच्या नावातही हाच प्राणी दडलेला आहे. उत्तरेकडे नावाहो, नेझ पर्स, कारुक अशा अनेक जमातींच्या कथांत कायोटी हा जगाच्या घडणीतला भागीदार आहे. तो लबाड आहे, हावरट आहे, स्वतःच्याच युक्तीत फसणारा आहे, आणि तरीही त्याच्यावाचून जग पुरे होत नाही. नावाहो परंपरेत या कथा हिवाळ्यातच सांगायच्या असा दंडक आहे. पंचतंत्रातील करटक-दमनकांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला हे पात्र फार परके वाटू नये. फरक इतकाच की, आपला कोल्हा राजाच्या दरबारातला मंत्री आहे, आणि हा कायोटी निर्मात्याच्या शेजारी बसून निर्मितीत लुडबुड करणारा आहे.

गोऱ्या प्रवाशांची या प्राण्याशी गाठ पडली, तेव्हा त्यांचीही आमच्या वर्गासारखीच पंचाईत झाली. १८०४ साली लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत, मिसुरी नदीच्या काठी, क्लार्कने एक कायोटी मारला. आकार कोल्ह्याएवढा, डोके आणि कान मात्र लांडग्याचे, असे त्याला दिसले. त्यांनी त्याचे नाव 'कुरणातला लांडगा' असे ठेवले. पुढे १८२३ साली थॉमस से या निसर्ग-अभ्यासकाने त्याला शास्त्रीय नाव दिले, 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे भुंकणारा कुत्रा. हे नाव आम्हांस महत्त्वाचे वाटते. रंग, शेपटी, दात यांपेक्षा शास्त्रज्ञाला त्याचा आवाज अधिक लक्षणीय वाटला. दोनच कायोटी सांजवेळी सूर लावतात तेव्हा दहा-बारांचा कळप ओरडत असल्याचा भास होतो. आपल्या 'कोल्हेकुई' या शब्दात तुच्छता आहे, कारण आपण ती दुरून, गावाच्या आतून ऐकत आलो. कुरणावर एकट्या तंबूत झोपणाऱ्याला ती तशी ऐकू आली नसणार.

तुच्छतेचे काम मात्र साहित्याने केले. १८७२ साली मार्क ट्वेनचे 'रफिंग इट' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यात कायोटीचे एक दीर्घ विनोदी चित्र आहे: मरतुकडा, भेकड, कायमचा भुकेला, आणि पळू लागला की गावठी कुत्र्याची अब्रू घेणारा. हे चित्र इतके गाजले की पुढे अनेक दशके पुस्तके वाचणाऱ्या अमेरिकनांना कायोटी दिसला तो ट्वेनच्याच डोळ्यांनी. चक जोन्स या व्यंगचित्रपटकाराने आपल्या पात्राचे मूळ याच पानांत असल्याचे सांगितले आहे. ते पात्र १९४९ साली पडद्यावर आले. रोडरनर पक्ष्यामागे धावताना कड्यावरून कोसळणारा तो कायोटी आपल्याकडच्या मुलांनीही दूरचित्रवाणीवर पाहिला आहे. योगायोग असा की, त्याच १९४९ साली टेक्सासचे लेखक जे. फ्रँक डोबी यांचे 'द व्हॉइस ऑफ द कोयोटी' हे पुस्तक निघाले. डोबी दक्षिण टेक्सासमधील रँचवर जन्मलेले आणि वाढलेले. त्यांनी मेक्सिकन गुराख्यांच्या व मूळ रहिवाशांच्या तोंडच्या कथा गोळा करून या प्राण्याच्या आवाजाला पुस्तकाच्या शीर्षकात जागा दिली. एकाच वर्षी एकाच प्राण्याची दोन चित्रे आली, एक हसण्याचे आणि एक ऐकण्याचे.

पण ही दोन्ही चित्रे निघाली तेव्हा प्रत्यक्ष कुरणावर तिसरेच काही चालले होते. पश्चिमेकडे मेंढ्या आणि गुरे यांचे कळप वाढले, बायसन संपले, लांडगेही संपत आले, आणि कोकरांवर कायोटीची नजर पडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यांनी कातड्यामागे बक्षिसे लावली. १९१५ साली अमेरिकी काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या नाशासाठी केंद्रीय तिजोरीतून स्वतंत्र रक्कम मंजूर केली, आणि हे काम जीवशास्त्रीय पाहणी करणाऱ्या सरकारी खात्याकडे आले. १९३१ च्या कायद्याने तर दहा वर्षांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरची तजवीज केली. विषप्रयोगाच्या पद्धती सुधारण्यासाठी सरकारी प्रयोगशाळा होती. प्रथम स्ट्रिक्निन, मग थॅलियम, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झालेले 'दहा-ऐंशी' या नावाचे विष अशी तिची प्रगती सांगता येते. या खात्यातील गोल्डमन या शास्त्रज्ञाने १९२४-२५ च्या सुमारास अशी भूमिका मांडली की, पुढे जाणाऱ्या संस्कृतीत मोठ्या शिकारी प्राण्यांना आता स्थान उरलेले नाही. जोसेफ ग्रिनेलसारख्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांनी विरोध केला. यलोस्टोन उद्यानातील कायोटीचा अभ्यास करून अडॉल्फ म्यूरी यांनी १९४० साली दाखवून दिले की, त्यांच्या पोटात उंदीरवर्गीय प्राणी, मेलेल्या जनावरांचे मांस आणि नाकतोडेसुद्धा सापडतात. हरणांच्या ऱ्हासाचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. तरीही विषाची गाडी चालूच राहिली. निर्मूलनाच्या या कामात अग्रभागी असलेले स्टॅनली यंग यांनी १९५१ साली सहलेखकासह जे पुस्तक काढले, त्याचे शीर्षक 'चतुर कायोटी' अशा अर्थाचे आहे. शत्रूला दिलेली ही दाद मानावी, की अपयशाची कबुली?

याच काळात, विषाच्या मोहिमेच्या समांतर, शिकारीची एक निराळी रीत लोकप्रिय होत होती. कायोटीला शोधत जायचे नाही. त्याला बोलावून घ्यायचे. मराठीत शिकारीचा 'हाका' हा शब्द आहे. ढोल-डबे वाजवून, आरोळ्या ठोकून रान उठवायचे आणि भ्यालेले जनावर मचाणाकडे ढकलायचे, हा आपल्या संस्थानी शिकारीचा थाट. तेथे आवाज भीतीचा असतो आणि तो माणसाचा आहे हे जनावराला कळते, किंबहुना कळावे अशीच अपेक्षा असते. कायोटीच्या शिकारीत नेमके उलट आहे. हाका नाही, हाक आहे. ही हाक माणसाची असली तरी ती माणसाची वाटता कामा नये. ती मरणाऱ्या सशाची हवी.

दोन अंगठ्यांमध्ये गवताचे पाते धरून फुंकले तरी असा आवाज निघतो. टेक्सासमधील मार्बल फॉल्स येथील मरी आणि विन्स्टन बर्नहॅम हे भाऊ ही विद्या वडिलांकडून शिकले आणि १९५० च्या दशकात त्यांनी लाकडी शिट्ट्यांचा धंदा उभारला. पुढे वेको गावच्या जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज मुद्रित करून तबकड्या विकल्या. तबकड्यांच्या जागी फिती आल्या, आणि आता शिकारी आपल्यापासून दूर झुडपात ध्वनिक्षेपक ठेवून हातातल्या कळीने शेकडो आवाज वाजवू शकतो.

रीत अशी. थंडीच्या दिवसांत, पहाटेच्या उजेडात, गाडी उंचवट्याआड सोडून, दार न आपटता चालत जायचे. आभाळाच्या पार्श्वभूमीवर आकृती उठून दिसेल अशा टेकाडाच्या माथ्यावर बसायचे नाही. झुडपाच्या सावलीत पाठ टेकायची. कायोटी आवाजाच्या रोखाने सरळ क्वचितच येतो. वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि आवाजाची शहानिशा नाकाने करतो. म्हणून तीच बाजू नजरेखाली मोकळी ठेवायची. सुरुवात हलक्या आवाजाने, मग थोडी शांतता, मग पुन्हा हाक. पंधरा-वीस मिनिटे काही आले नाही तर उठायचे. ही झाली अननुभवी कायोटीची गोष्ट. एकदा हाकेला येऊन गोळी चुकलेला कायोटी पुढच्या वेळी सशाचा आक्रोश ऐकून उलट दिशेला निघून जातो. अशा सावध जनावरासाठी शिकारी आवाज बदलतात. सशाऐवजी जखमी पक्षी, पक्ष्याऐवजी पिलाचे कण्हणे, आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या माजाच्या काळात परक्या कायोटीचे आव्हान देणारे आरवणे. म्हणजे प्रथम त्याच्या भुकेला हाक, ती निष्फळ झाली की वात्सल्याला, आणि शेवटी त्याच्या हद्दीच्या अभिमानाला. रसव्यवस्थेचा इतका कठोर उपयोग आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

या सगळ्यात जमीन कोणाची, हा प्रश्न सुटत नाही. टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. १८७४ साली ग्लिडनच्या काटेरी तारेला एकस्व मिळाले आणि काही वर्षांतच मोकळे कुरण तुकड्यातुकड्यांत विभागले गेले. मध्य टेक्सासच्या मेंढ्या-बकऱ्यांच्या पट्ट्यात तर कायोटी-लांडग्यांना रोखण्यासाठी जाळीची मैलोन् मैल कुंपणे उभी राहिली. अमेरिकी कायद्यात जमीन मालकाची असली तरी तिच्यावरून चालणारे वन्य जनावर त्याचे नसते; ते राज्याच्या अखत्यारीत असते. म्हणून शिकाऱ्याला दोन दारे ठोठवावी लागतात, परवान्यासाठी राज्याचे आणि प्रवेशासाठी रँचवाल्याचे. १९९७ पासून टेक्सासमध्ये झाडांवर किंवा खांबांवर मारलेला जांभळा पट्टा म्हणजेच 'परवानगीवाचून आत येऊ नये' ही कायदेशीर सूचना. शिकारी हा पट्टा ओळखतो. कायोटीला तो ठाऊक नाही. एका रँचवर त्याला शत्रू मानतात, शेजारच्या रँचवर उंदीर-ससे आटोक्यात ठेवणारा म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. त्याच्यासाठी मात्र ती एकच हद्द असते. तिच्या खुणा तो मूत्राने आणि आवाजाने करतो, आणि त्या कुठल्याच दप्तरात नोंदलेल्या नसतात.

हरकत अशी येईल की हे सारे शिकाऱ्यावर आणि रँचवाल्यावर अन्याय करणारे आहे. ती हरकत आम्ही हलकी मानत नाही. मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामात सकाळी गळा फोडलेली कोकरे मोजणे हा विनोद नव्हे. बिबट्याने गोठ्यातली शेळी नेल्यावर आपल्या जुन्नर-संगमनेरकडच्या शेतकऱ्याला शहरातल्या निसर्गप्रेमाची व्याख्याने नको असतात, तसेच हेही. शिवाय हाक मारणाऱ्या शिकाऱ्याने एक गोष्ट केली, जी विष पेरणाऱ्याने कधीच केली नाही. त्याने ऐकले. विषाला कायोटीविषयी काही माहीत असण्याची गरज नव्हती. घोड्याच्या मांसात ते टोचले की गरुडही मरत, बॅजरही, मेंढपाळाचा कुत्राही. हाकेला मात्र वाऱ्याचे, ऋतूचे, भुकेचे, पिलांचे ज्ञान लागते. प्रश्न इतकाच उरतो की, दुसऱ्याचा आवाज इतक्या बारकाईने शिकून आपण त्याचे काय करतो.

१९७२ हे वर्ष दोन्ही देशांच्या वन्यजीवांच्या इतिहासात आले ते असेच जोडीने. फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून केंद्रीय जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्यास बंदी केली. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या कायद्याने शिकारीच्या दीर्घ परंपरेला हळूहळू पूर्णविराम दिला. तिकडे झाला तो स्वल्पविराम. पुढे काही विषे मर्यादित रूपात परत आली, सापळे आणि विमानातून गोळीबार चालूच राहिले, आणि १९७० च्या दशकात कातड्यांचे भाव चढल्यावर हाकेची शिकारही फोफावली. २०१६ या एका वर्षात केंद्रीय खात्याने ७६,९६३ कायोटी मारल्याची नोंद आहे. खाजगी शिकाऱ्यांनी मारलेले त्यात नाहीत.

आणि परिणाम? इतिहासात इतका उपरोध क्वचितच आढळतो. ज्या प्राण्याला संपवण्यासाठी शतकभर खर्च झाला, तो याच काळात पश्चिमेच्या कुरणांतून निघून हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात पोहोचला. दक्षिणेला पनामा कालवाही त्याने ओलांडला. लांडगा नाहीसा झाल्याने त्याची वाट मोकळी झाली होती. १९९५ साली यलोस्टोनमध्ये लांडगे परत सोडले, तेव्हा काही वर्षांतच उद्यानाच्या उत्तर भागातील कायोटी सुमारे निम्मे झाले. विषाला शतकभरात जे साधले नाही, ते त्याच्या थोरल्या भावाला साधले. फ्रेडरिक नोल्टन यांच्या १९७२ सालच्या अभ्यासात असे दिसले होते की, जेथे कत्तल तीव्र तेथे कायोटीच्या माद्यांना होणारी पिले अधिक. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते, तरी १९७५ च्या एका गणिती प्रतिमानानुसार दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिले, तरच सुमारे पन्नास वर्षांनी ते संपतील. शिकागोसारख्या महानगरातही आज ते रेल्वेमार्गांच्या कडेने, दफनभूमींतून, रात्रीच्या वेळी निमूट वावरतात.

'सावध' या विशेषणाकडे पुन्हा पाहावेसे वाटते ते यामुळे. शिकारी मंडळी 'सावध कायोटी' असे म्हणतात तेव्हा तो त्याचा स्वभाव असल्यासारखे बोलतात. परंतु क्लार्कच्या काळातील प्रवाशांना कायोटी तळाच्या आसपास दिवसाढवळ्या घुटमळताना दिसत. सावधपणा नंतर आला. तो स्वभाव नाही, इतिहास आहे. बक्षिसे, विष, सापळे आणि फसव्या हाका यांनी दोन शतके जे लिहिले, ते कायोटीच्या कानांत साठले. त्याच्या बाजूचा एकही कागद कोणत्याही अभिलेखागारात नाही. हाक ऐकून तो थबकतो, वारा घेतो आणि वळून जातो, ही एवढीच त्याची साक्ष.

अलीकडे या शिकारीविषयी खुद्द अमेरिकेत वाद वाढला आहे. ठरावीक वेळात सर्वाधिक कायोटी मारणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर २०१४ साली कॅलिफोर्नियाने निर्बंध आणले. पुढे २०१८ मध्ये व्हरमाँट, २०१९ मध्ये न्यू मेक्सिको आणि नंतर आणखी काही राज्यांनी त्या बंद केल्या. या वादात कोण कोणत्या बाजूचा, हे म्हणे उच्चारावरूनही ओळखू येते: रँचवरचा माणूस बहुधा 'कायोट' असे दोन अवयवांत संपवतो, शहरातला 'कायोटी' असे तीन अवयवांत म्हणतो.

आम्ही त्या शिट्टीचा आवाज ऐकला तो शिक्षककक्षातील संगणकावर, मुद्रित केलेला. कोल्ह्याचे भाषांतर तपासताना एका सहकाऱ्याने तो लावला. पहिल्याच सुराला बाहेरून आमचे शिपाईमामा धावत आत आले आणि म्हणाले, "बाई, कुणाचं लेकरू रडतंय?" आम्ही आवाज बंद केला आणि ते यंत्र आहे असे सांगितले. मामा खात्री करून घेण्यासाठी तरीही खिडकीशी गेले, वाकून खाली पाहिले, आणि मग परतले. हाकेला ओ देणे ही त्यांची चूक होती असे आमच्यापैकी कोणालाही म्हणवले नाही. त्या दिवसापासून वर्गात हा शब्द आला की आम्ही तो न बदलता तसाच ठेवतो, आणि विद्यार्थ्यांना अर्थ सांगण्याआधी या प्राण्याचा खरा आवाज ऐकवतो.